अंडं सापडलं, पण कुणाचं?

प्रश्न असा आहे: "लाखो-कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या दगड झालेल्या विष्ठेत जंतांची अंडी सापडली, अशा बातम्या वाचतो. ती अंडी तेव्हाचीच आहेत आणि त्याच प्राण्याच्या पोटातली आहेत, हे कशावरून ठरवतात? प्रत्यक्ष काम कसं चालतं? माझी प्राणिशास्त्रातली पदवी झाली आहे. या कामात शिरायचं तर सुरुवात कुठून करावी?"

आधी एक सांगून टाकते. अंडं सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चांगला सूक्ष्मदर्शक आणि थोडा धीर असला की कुणालाही काहीतरी अंड्यासारखं दिसतंच. खरी मारामारी त्यानंतर सुरू होते. ही विष्ठा कुणाची? हे अंडं विष्ठेइतकंच जुनं आहे, की मागाहून मातीतून आत शिरलं? आणि तो जंत त्या प्राण्याच्या आतड्यात राहत होता, की खाल्लेल्या शिकारीबरोबर नुसता पोटातून पुढे गेला? माझं काम पुरापरजीवीशास्त्राचं, म्हणजे जुन्या काळच्या परजीवींच्या अभ्यासाचं, आणि त्यातला नव्वद टक्के वेळ या तीन प्रश्नांत जातो. बातमीत यातलं काहीच येत नाही.

मराठीत विष्ठेला प्राण्यागणिक वेगळा शब्द आहे. शेण वेगळं, लीद वेगळी, लेंड्या वेगळ्या, पाखरांची शीट वेगळी. एकदा अश्मीभूत झाली की मात्र सगळ्यांना एकच नाव, कोप्रोलाइट. आपण विष्ठाश्म म्हणू. हा शब्द विल्यम बकलंड या इंग्लिश भूवैज्ञानिकानं १८२९ मध्ये ग्रीक भाषेतल्या शेण आणि दगड या दोन शब्दांपासून बनवला. पण खरी नजर मेरी ॲनिंगची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिसला ती जीवाश्म गोळा करायची. तिथे मिळणारे गुळगुळीत लांबट दगड इक्थिओसॉर या नामशेष समुद्री सरीसृपाच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या जागी असतात आणि फोडले तर आत माशांचे खवले आणि हाडं निघतात, हे तिनं १८२०च्या दशकात हेरलं होतं. बकलंडला तर हा विषय इतका आवडला की त्यानं विष्ठाश्मांच्या चकत्या बसवलेलं एक टेबलच करून घेतलं. आमच्या क्षेत्रातली माणसं थोडी चक्रम असतात, ही परंपरा तिथपासूनची.

व्यवहारात आमच्याकडे दोन जातींचा माल येतो. एक, कोरड्या गुहांतून मिळणारी, नुसती वाळून टिकलेली विष्ठा. ती शे-दोनशे वर्षांपासून काही हजार वर्षांपर्यंतची असते, दगड झालेली नसते. काटेकोर बोलायचं तर तिला विष्ठाश्म म्हणू नये, पण सगळे म्हणतात. दोन, खनिजांनी भरून खरोखरचा दगड झालेली, लाखो-कोटी वर्षांची. या दुसऱ्या जातीत मांसाहारी प्राण्यांचा वाटा फार मोठा आहे. हाडं खाणाऱ्याच्या विष्ठेत कॅल्शियम फॉस्फेट आधीच भरपूर असतं, त्यामुळे तिचं अश्मीभवन लवकर होतं. गवत-पाला खाणाऱ्याची विष्ठा पावसात विरघळते, किडे खातात, तुडवली जाते. याचा अर्थ असा की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंतांची जी यादी आपल्याकडे आहे ती मुळात मांसाहाऱ्यांच्या आणि माशांच्या जंतांकडे झुकलेली आहे. तृणभक्षींची टिकली तर मात्र तिच्यात खजिना असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या, काळातल्या विष्ठाश्मांतून २००५ मध्ये गवताच्या पेशींतले सिलिकाकण मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे कळलं. तो जंतांचा विषय नाही, पण एका गोळ्यात किती काय दडलेलं असतं याचा अंदाज येतो.

अंडीच का टिकतात, जंत का नाही? प्रौढ जंत म्हणजे मऊ मांस, तो कुजतो. अंडं मात्र बाहेरच्या जगात तग धरण्यासाठीच बनलेलं असतं. गोलकृमीच्या अंड्याच्या कवचात कायटिनचा जाड थर असतो आणि त्याच्या आत मेदाचा थर. पट्टकृमी आणि पर्णकृमींच्या अंड्यांचं कवच प्रथिनांचं असतं, चामडं कमावतात तसं रासायनिक क्रियेनं टणक झालेलं. पण सगळीच अंडी अशी दणकट नसतात. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच पातळ असतं आणि उबदार, ओलसर जागी ते एक-दोन दिवसांत फुटून अळी बाहेर पडते. त्यामुळे जुन्या नमुन्यात ते क्वचितच दिसतं. पिनवर्मची तऱ्हा आणखी वेगळी. मादी अंडी आतड्यात घालतच नाही, रात्री गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर घालते. आजच्या लागण झालेल्या माणसांच्या मलातसुद्धा ती शंभरातल्या जेमतेम पाचांत दिसतात. तरी अमेरिकेतल्या युटामधल्या डेंजर केव्ह या गुहेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत पिनवर्मची अंडी मिळाली आहेत. एवढ्या गळतीनंतरही मिळाली म्हणजे तिथे लागण किती असेल, असा विचार मनात येतो. तो मनातच ठेवायचा, अहवालात लिहायचा नाही.

आता टेबलावर काय होतं ते सांगते. वाळलेला नमुना घेऊ. अंगठ्याएवढा, हलका, तपकिरी, एका टोकाला निमुळता. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, वजन, मापं. मग निर्जंतुक पात्यानं बाहेरचा थर खरवडून काढायचा, कारण मातीतलं जे काही आत शिरतं ते आधी त्या थरात असतं. गाभ्यातून एखादा ग्रॅम घ्यायचा. निम्म्याहून जास्त नमुना कधीही वापरायचा नाही. दहा वर्षांनी जास्त चांगली पद्धत येईल आणि तेव्हा आपल्याला शिव्या बसू नयेत.

हा ग्रॅमभर चुरा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या अर्धा टक्का द्रावणात टाकायचा. रंग देण्याआधी भिंती धुवायला वापरतात तोच हा क्षार. वाळलेले प्राणिनमुने त्यानं पुन्हा फुगतात, हे आधीच माहीत होतं. ते मानवी विष्ठेवर वापरून या कामाला वळण दिलं ते एरिक कॅलननं. मॅकगिल विद्यापीठातला हा वनस्पतिरोगतज्ज्ञ. पेरूतल्या वाका प्रिएता इथले नमुने त्यानं कॅमेरॉन या सहकाऱ्याबरोबर भिजवले आणि १९६० मध्ये निष्कर्ष छापले. आजही आम्ही तेच करतो. किमान बहात्तर तास. बुरशी धरू नये म्हणून काही थेंब थायमॉलचे किंवा फॉर्मॅलिनचे.

दुसऱ्या दिवशी बाटली उघडली की दोन गोष्टी कळतात. एक रंग. माणसाची विष्ठा असेल तर द्रावण बहुधा गडद तपकिरी, जवळजवळ काळं आणि अपारदर्शक होतं. तृणभक्षी असेल तर फिकट पिवळसर, आरपार दिसणारं. ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे. दुसरी गोष्ट वास. हो, हजारो वर्षांनीसुद्धा येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी बाटली बंद करून खिडकी उघडली आणि मग पुन्हा बाटली उघडली. इतकं जुनं काहीतरी इतकं ओळखीचं वाटावं, याची सवय व्हायला वेळ लागतो.

मग चाळण्या. एकाखाली एक, ३१५, १६०, ५० आणि २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वरच्या दोन चाळण्यांत बिया, केस, हाडांचे कपचे, किड्यांचे पंख अडकतात. ते आहार बघणाऱ्या सहकाऱ्याकडे जातं. आपला माल खालच्या दोन चाळण्यांवर. तिथेही सावध राहावं लागतं. चिनी यकृतकृमीचं अंडं जेमतेम तीस मायक्रॉन लांब आणि पंधराएक रुंद, उभं झालं तर पंचवीसच्या चाळणीतून सटकतं. म्हणून गाळून खाली गेलेलं पाणीही मी फेकत नाही. स्थिर होऊ देते आणि तळाचा गाळ बघते. आम्ल, अल्कली, जड द्रावणावर तरंगवणं वगैरे उपायांनी स्लाइड स्वच्छ दिसते, पण काही जातींची अंडी त्यात मोडतात किंवा हरवतात. घाण स्लाइड बघायची सवय केलेली बरी.

गाळाचा थेंब, ग्लिसरीनचा थेंब, वर कव्हरस्लिप. चारशेपट मोठं करून डावीकडून उजवीकडे, एक ओळ खाली, उजवीकडून डावीकडे. एका नमुन्याच्या वीस-वीस स्लाइड. बहुतेक वेळ वनस्पतींचे तंतू, परागकण, बुरशीचे बीजाणू, कोळशाचे कण. आणि मग एकदम एक लिंबू दिसतं. सोनेरी तपकिरी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं. चाबूककृमी, ट्रायक्युरिस. माणसातल्या जातीचं अंडं पन्नास ते पंचावन्न मायक्रॉन लांब, वीस ते पंचवीस रुंद. कुत्र्यातल्या जातीचं सत्तरच्या पुढे. डुकरातल्या जातीचं माणसातल्यापेक्षा किंचित मोठं, पण दोघांची मापं एकमेकांत घुसतात. शिवाय जुन्या अंड्यांची बुचं अनेकदा गळून गेलेली असतात, मग लांबी बुचासकट मोजली की बुचाशिवाय, हे लिहून ठेवलं नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही. एका अंड्यावरून जात ठरवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तीसएक मोजा, आलेख काढा, मग बोला.

फसवणाऱ्या गोष्टींबद्दल एक स्वतःचा किस्सा. उमेदवारीच्या काळात मला एका नमुन्यात गोल, जाड कवचाची, पृष्ठभागावर बारीक खडबड असलेली 'अंडी' मिळाली. ॲस्कॅरिस या गोलकृमीची, असं समजून मी दोन दिवस मापं घेतली. साठ मायक्रॉनच्या आसपास, अगदी हवी तशी. माझ्या गुरूंनी स्लाइड बघितली, काही बोलल्या नाहीत. सुईच्या टोकानं कव्हरस्लिपला कडेनं हलकेच दाबलं. ग्लिसरीनमध्ये ते गोळे लोळले आणि दुसऱ्या कुशीवर आल्यावर त्यांच्यावर तीन भोकं दिसली. परागकण. जंताच्या अंड्याला अशी भोकं नसतात. त्या दिवसापासून लोळवल्याशिवाय मी एकाही गोळ्याला अंडं म्हटलेलं नाही. परागांखेरीज माइट किड्यांची अंडी, बुरशीचे बीजाणू आणि मातीतले स्वतंत्र राहणारे सूत्रकृमी हे नेहमीचे ठग. शेवटचे तर सगळ्यात वाईट. विष्ठा पडल्यावर ते तिच्यात मेजवानीला येतात, तिथेच अंडी घालतात आणि तिथेच मरतात. म्हणून आजूबाजूच्या मातीचा नमुना त्याच पद्धतीनं तपासावाच लागतो. मातीतही तीच अंडी तितकीच दिसली, तर विष्ठेबद्दल काहीही बोलण्याचा हक्क संपला.

आता 'ही विष्ठा कुणाची' याकडे. आकारावरून कळतं असं वाटत असेल तर माणसाची आणि कुत्र्याची शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघं हजारो वर्षं एकाच वस्तीत राहिले, एकाच उकिरड्यावर जेवले. डीएनए काढावा तर कुत्र्याच्या विष्ठेत माणसाचा डीएनए मिळू शकतो, कारण कुत्री माणसाचा मल खातात. २०२० मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत म्हणूनच विष्ठा टाकणाऱ्या प्राण्याचा डीएनए आणि आतड्यातल्या जिवाणूंची घडण या दोन्हींचा एकत्र विचार करतात. रसायनांचीही मदत होते. माणसाच्या मलात कोप्रोस्टॅनॉल नावाचं स्टेरॉल जास्त, रवंथ करणाऱ्यांच्या शेणात वनस्पतींपासून आलेली स्टेरॉलं जास्त, डुकराच्या विष्ठेत ठरावीक पित्ताम्लाची खूण. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पेस्ली गुहांतल्या सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत २००८ मध्ये मानवी डीएनए मिळाला, तेव्हा तो वरच्या थरांतून पाण्याबरोबर झिरपला असेल, असा आक्षेप आला. वाद बारा वर्षं चालला. २०२० मध्ये स्टेरॉलं आणि पित्ताम्लं तपासून त्यांतले बरेच नमुने खरोखर माणसाचेच असल्याचं दाखवलं गेलं. स्टेरॉलं पाण्यात सहज विरघळत नाहीत, झिरपत नाहीत, हा तो युक्तिवाद. मला तो पटतो.

जुन्या डीएनएची एक सोय अशी की त्याच्या अंगावर वयाच्या खुणा असतात. तुकडे आखूड होतात आणि त्यांच्या टोकांशी सायटोसिनचं रूपांतर होऊन वाचताना ते थायमिनसारखे दिसतात. अशी झीज नसलेला तुकडा मिळाला तर तो बहुधा प्रयोगशाळेतल्याच कुणाचा तरी. अर्जेंटिनातल्या कातामार्कामधल्या एका खडकाच्या आसऱ्यात मिळालेल्या प्यूमा या मांजरकुळातल्या रानटी प्राण्याच्या विष्ठेत, सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वीच्या, टॉक्सास्कॅरिस या गोलकृमीची अंडी आणि त्याचा डीएनए दोन्ही मिळाले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा परजीवीचा तो सर्वांत जुना डीएनए ठरला. माणूस आणि त्याची कुत्री-मांजरं तिथे पोचण्याआधीपासून प्यूमाला हा जंत होता, म्हणजे तो पाळीव प्राण्यांनी दिलेला नव्हे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे भलेभले घसरतात. पोटातून अंडं बाहेर पडलं म्हणजे जंत पोटात होता, असं नाही. कॅपिलेरिया गटातला एक जंत उंदीर-घुशींच्या यकृतात अंडी घालतो. ते यकृत कुणी खाल्लं की अंडी न पचता खाणाऱ्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि खाणारा ठणठणीत असतो. याला आम्ही खोटी लागण म्हणतो. पण हे खोटं अंडंसुद्धा खरं बोलतं, फक्त दुसऱ्या विषयावर. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळच्या डरिंग्टन वॉल्स या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतल्या १९ विष्ठाश्मांपैकी ५ मध्ये अंडी मिळाली. २०२२ चा हा अभ्यास. त्यांतल्या चारांत, एक माणसाचा आणि तीन कुत्र्यांचे, कॅपिलेरिया गटाचीच अंडी होती. या गटातले जंत गुरांतही असतात. याचा सरळ अर्थ, माणसांनी गुरांचे यकृतासारखे आतले अवयव नीट न शिजवता खाल्ले आणि उरलेलं कुत्र्यांना टाकलं. उरलेल्या एका, कुत्र्याच्याच, विष्ठेत गोड्या पाण्यातल्या माशांतून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी होती. त्या वस्तीत मासे खाल्ल्याच्या इतर खुणा नाहीत. म्हणजे कुत्रा बाहेरून लागण घेऊन आला असणार. जेवणाचं ताट आणि प्रवासाची वाट, दोन्ही कळलं आणि हे सगळं आजाराबद्दल जवळजवळ काही न कळता.

प्रवासाचं आणखी ठळक उदाहरण रेशीम मार्गावरचं. चीनच्या वायव्येला, दुनहुआंगजवळ श्वानछ्वानची नावाचं टपालाचं आणि मुक्कामाचं ठाणं होतं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या संडासात टोकाला कापड गुंडाळलेल्या काठ्या मिळाल्या, शौचानंतर पुसायच्या. कापडावरचा मळ खरवडला तर त्यात चिनी यकृतकृमीची अंडी. हा कृमी ठरावीक गोगलगायी आणि गोड्या पाण्यातले मासे यांच्याशिवाय जगू शकत नाही आणि ते ठाणं वाळवंटाच्या कडेला. जिथे तो आढळतो तो दलदलीचा प्रदेश तिथून किमान दीड हजार किलोमीटर. कुणीतरी हे पोटात घेऊन तेवढं चाललं होतं.

दगड झालेल्या नमुन्यांची गोष्ट वेगळी. तिथे भिजवून काही होत नाही. पातळ चकत्या घासून काढायच्या, इतक्या पातळ की प्रकाश आरपार जावा. यात अडचण अशी की चकती अंड्याला कुठल्याही कोनात कापते. एकच लिंबू आडवं कापलं तर वर्तुळ, उभं कापलं तर लंबगोल, तिरकं कापलं तर काहीतरी तिसरंच, आणि टोकाजवळ कापलं तर आकार हवा त्याच्या निम्मा. त्यामुळे चकतीतल्या मापांना मी जास्तीत जास्त मापाखेरीज किंमत देत नाही. दुसरा मार्ग आम्लात विरघळवण्याचा. त्यात अंडं सुटं मिळतं, पण ते मूळ कुठे होतं हे हरवतं.

आणि 'कुठे होतं' हाच अनेकदा सगळ्यात मोठा पुरावा असतो. ब्राझीलमधल्या पर्मियन काळातल्या, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या, शार्कसारख्या माशाच्या पिळाच्या विष्ठाश्मात पट्टकृमीची ९३ अंडी मिळाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकात विकसित होत असलेला गर्भ असावा असं दिसतं. पण मला पटवलं ते ९३ या आकड्यानं नव्हे, गर्भानंही नव्हे. अंडी एका लांबट पुंजक्यात, एकमेकांना चिकटून होती, पट्टकृमीच्या शरीराच्या पिकलेल्या, अंड्यांनी भरलेल्या खंडात असतात तशी. मातीतून शिरलेली अंडी अशी पंगतीत बसत नाहीत. याच्या तुलनेत बेल्जियममधल्या बर्निसार इथल्या, इग्वानोडॉन या डायनासोरच्या सांगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जागेतल्या विष्ठाश्मांचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये तिथून आदिजीवांचे, म्हणजे एकपेशी जिवांचे, कोष, पर्णकृमी आणि गोलकृमी यांची अंडी नोंदवली गेली, साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीची. काम महत्त्वाचंच आहे. पण एकेकट्या गोल वस्तूंवरून, विशेषतः कोषांवरून, ठाम नाव देताना माझा हात जरा अडखळतो. आदिजीवांचे कोष आजच्या ताज्या नमुन्यातसुद्धा चकवतात. जुन्या मळात ते शोधायचे तर प्रतिपिंडांची चाचणी जास्त भरवशाची. जेरुसलेममधल्या इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या दगडी संडासांखालच्या गाळात जिआर्डिया या आदिजीवाची खूण अशीच मिळाली, २०२३ मध्ये. ही चाचणी कोट्यवधी वर्षांच्या दगडावर चालत नाही.

दगड न फोडता आत बघायची सोयही झाली आहे. सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी पोलंडमधल्या सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका विष्ठाश्मातून पाय आणि स्पर्शकांसकट आख्खे भुंगेरे दिसले. २०२१ मध्ये त्यांना नवी प्रजाती म्हणून नाव दिलं. जंतांच्या अंड्यांसाठी हे फारसं वापरलं गेलेलं नाही, यंत्रावर वेळ मिळणंच मुश्कील. पण पुढची वाट तीच आहे असं मला वाटतं.

आकड्यांबद्दल थोडं. ग्रॅममागे किती अंडी, हे काढायला आम्ही लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी नमुन्यात विरघळवतो. गोळीत १२,५०० बीजाणू आहेत असं धरू. स्लाइडवर २०० बीजाणू मोजेपर्यंत १४ अंडी दिसली आणि नमुना अर्ध्या ग्रॅमचा होता, तर १४ भागिले २०० गुणिले १२,५०० म्हणजे ८७५, अर्ध्या ग्रॅमला. ग्रॅमला १,७५०. हिशेब सोपा, अर्थ लावणं अवघड. ॲस्कॅरिसची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, चाबूककृमीची तीन ते वीस हजार. म्हणून 'ॲस्कॅरिस चाबूककृमीपेक्षा जास्त होते' हे अंड्यांच्या संख्येवरून म्हणता येत नाही. शिवाय कुठल्याही कळपात बहुतेक जंत थोड्याच प्राण्यांच्या पोटात असतात. दहा नमुन्यांत काही नाही आणि अकराव्यात खच्चून भरलेलं, हे नेहमीचं. आणि काहीच मिळालं नाही तर? तर काहीच मिळालं नाही, एवढंच लिहायचं. 'त्या काळी जंत नव्हते' असं लिहिणारे लेख मी परत पाठवते.

अंकुशकृमीचा वाद इथे सांगायलाच हवा, कारण या क्षेत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. ब्राझीलच्या ईशान्य भागात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत अंकुशकृमीची अंडी आणि अळ्या मिळाल्या. या कृमीची अंडी जमिनीवर पडून अळ्यांना वाढायला उबदार, ओली माती लागते. माणसं अमेरिकेत आशिया आणि अलास्काला तेव्हा जोडणाऱ्या गोठलेल्या बेरिंग भूमीवरून पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू चालत आली असती, तर वाटेतच हा कृमी संपला असता. म्हणून लुइस फर्नांदो फेरेरा आणि अदाउतो अराउजो या ब्राझिलियन संशोधकांनी मांडलं की काही माणसं तरी समुद्रमार्गानं किंवा किनाऱ्यानं, झपाट्यानं आली असावीत. पुरापरजीवीशास्त्र हे नाव रूढ केलं तेही याच मंडळींनी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. कल्पना अतिशय देखणी आहे. एका अंड्याच्या मातीच्या गरजेवरून अख्ख्या खंडाच्या वसाहतीचा मार्ग! पण पातळ कवचाचं ते अंडं इतर सूत्रकृमींच्या अंड्यांशी मिळतंजुळतं असतं, त्यामुळे सगळा डोलारा ओळख पक्की असण्यावर उभा. मला विचाराल तर युक्तिवाद बरोबर आहे, आणखी नमुने हवेत.

आणि नामशेष प्राण्यांचं काय? न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतून २०१३ मध्ये सूत्रकृमी आणि इतर परजीवींच्या खुणा मिळाल्या, त्यांतले काही बहुधा फक्त मोआंतच राहणारे. मोआ संपले तेव्हा तेही संपले. त्यांच्यासाठी कुणी हळहळत नाही, पण संपलेल्या जातींच्या यादीत त्यांचंही नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून. जुन्या नमुन्यांपासून नको. सहा महिने एखाद्या पशुवैद्यकीय किंवा वैद्यकीय प्रयोगशाळेत ताज्या विष्ठेची तपासणी करा. रोज चाळीस-पन्नास स्लाइड. ताजं अंडं आठ कोनांतून ओळखता आलं, तरच चेपलेलं, बूच गळालेलं, अर्धं भरलेलं जुनं अंडं ओळखता येईल. त्याच काळात परागकणांची ओळख करून घ्या, जंतांइतकीच. ताज्या विष्ठेचे तुकडे मुद्दाम वाळवा, मातीत पुरा, वर्षानं काढून बघा काय उरलं. हे असं पुरलेलं माझं एक डबडं अजून कुठेतरी आहे, जागा लिहून ठेवायची राहिली. तुम्ही लिहून ठेवा. डीएनए नंतर शिकता येतो, आणि त्यासाठी वेगळी स्वच्छ प्रयोगशाळा असलेल्या गटाकडेच जावं लागतं.

उत्खननात कधी विष्ठेसारखं काही हाती आलं तर धुऊ नका, ब्रशनं घासू नका. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दव धरतं आणि बुरशी येते. खोली आणि थर लिहा. आणि त्याच थरातली, हातभर अंतरावरची मूठभर माती वेगळ्या पुडीत घ्या. बहुतेक लोक नेमकी हीच पुडी विसरतात.